ऊन मागणारी

ढगाचं कौतुक दुसऱ्यांनी करावं. मिठागरावर ढग म्हणजे न बोलावता उंबऱ्यात येऊन बसलेला पाहुणा. तो नुसता बसला, तोंडातून अवाक्षर काढलं नाही, तरी घरातल्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

म्हणून मिठकरीण सकाळी डोळे उघडले की आधी आभाळ बघायची, मग नवऱ्याचं तोंड. आभाळ निळं असलं की नवऱ्याचं तोंडही बघण्यासारखं असायचं.

खाडीच्या कडेला त्यांचे वाफे होते. भरतीचं पाणी पहिल्या वाफ्यात घ्यायचं, तिथून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, असं उन्हात आटवत आटवत शेवटच्या मोठ्या वाफ्यात आणायचं. तिथं पाणी दाट होऊन बोटांना चिकटायला लागायचं, आणि एखाद्या दुपारी त्याच्यावर दुधावर धरावी तशी साय चमकायची. ती साय जड होऊन तळाला बसायची आणि तिचा खडा व्हायचा. घाई करून ओढलं तर मीठ भुरभुरीत निघतं, घेणारा चिमटीत धरून नाक मुरडतो. थोडी वाट बघितली तर खडा ज्वारीच्या दाण्यासारखा टपोरा होतो. सगळी कसोटी या वाट बघण्याची. किती बघायची ते आभाळ ठरवतं. आणि आभाळ कोण ठरवतं, याबद्दल त्या घरात दोन मतं होती.

मिठकरी म्हणायचा, "वारा ठरवतो."

"आणि वाऱ्याला कोण ठरवतं?"

"त्याचा बाप."

"मग मी वेगळं काय म्हणते?" मिठकरीण म्हणायची.

रोज सूर्य खाडीला टेकायच्या बेतात आला की ती हातपाय धुऊन मोठ्या वाफ्याच्या टोकाला, शेवटच्या बांधावर जायची. तिथं ना दगड ना दिवा. नुसती ती, आणि समोर उतरत जाणारं ऊन. ओठातल्या ओठात म्हणायची,

ऊन घाल माझ्या देवा, जशी माय घाली घास
वाफ्यातल्या लेकराची नको मोडू त्याची आस

कधी शब्द बदलायचे, मागणं तेच राहायचं. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिनं देवाकडे उन्हाशिवाय फारसं काही मागितलं नव्हतं. पोरगी झाली तेव्हासुद्धा आधी आभाळाकडे बघून मग पोरीकडे बघितलं, असं मिठकरी चारचौघांत सांगायचा.

ती परत आली की तो चुलीपुढं बसलेला असायचा. मान वर न करता विचारायचा, "केलंस का?"

"केलं."

मग तो ठरवायचा, की उद्या ओढायचं की राहू द्यायचं. कुणी तोंडावर म्हटलं असतं, की बाबा, तू बायकोच्या मागण्यावर वाफे चालवतोस, तर तो मीठ ओढायची फळी घेऊन धावून गेला असता. पण शेजारच्या वाफ्यांचा मालक ते म्हणायचाच. सरळ बोलणं त्याला जमायचंच नाही, म्हणून सगळे त्याला तिरक्या म्हणायचे. बांधावर उभा राहून तो ओरडायचा, "काय वहिनी, आज हवामान खातं काय म्हणतंय?"

"तुमच्या वाफ्यावर गारा पडणार म्हणतंय."

"पडू देत. मी ओढून बसलोय."

मागच्या वर्षी मोठा वाफा खड्याला आलेला असताना अवेळी पाऊस येऊन सगळं धुऊन गेला होता. पुढचे ओले महिने त्या घरानं कसे काढले ते चुलीलाच माहीत. तेव्हापासून मिठकरणीच्या पोटात एक गोळा कायमचा बसला होता. वारा जरा फिरला, की तो गोळा हलायचा. बांधावर जाऊन मागून आलं की तात्पुरता निवायचा.

यंदा मात्र ऊन असं, की डोळे उघडवेनात. पांढऱ्या वाफ्यांवरून ते खालूनही भाजायचं. मीठ झकास धरत होतं आणि मिठकरी शीळ घालत फिरत होता. तेच ऊन आतल्या मुलखात काय करतंय, ते अधूनमधून कानावर यायचं. विहिरींचे तळ दिसतायत. तळ्यात भेगा पडल्यात. तिकडेच त्यांची एकुलती एक लेक दिली होती. तिच्या घरची लिंबाची बाग होती, यंदा पहिल्यांदा फळ धरणार होती.

लेक एक दिवस मीठ न्यायला आलेल्या ट्रकमधून उतरली. उजवा हात पोटाशी धरलेला.

"जावईबापूंनी हाकललं की काय?" मिठकरी म्हणाला.

"खांद्यानं हाकललं, बाबा."

मिठकरणीनं पदर बाजूला करून बघितलं. खांदा सुजून गळ्याच्या बाजूला आला होता, आणि त्याच्यावर घागरीच्या काठाची काळी रेघ उठलेली.

"कुठून आणता पाणी?"

"ओढ्याच्या खड्ड्यातून. झाडाला एक तांब्या, जास्त नाही. हे म्हणाले, चार दिवस जा, नाहीतर हात कामातून जाईल. ते एकटेच ओढतायत आता."

आईनं वस्तीच्या नळाचं गोडं पाणी तांब्याभर दिलं. लेक अर्धं प्यायली आणि उरलेलं हातात धरून बसली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"पी की गं."

"हो." पण ती उठून दारात गेली, बाहेर पांढरंफेक पसरलेलं बघत उभी राहिली. "आई, इथं एक झाड नाही गं," ती म्हणाली. या घरात जन्मली, वाढली, आणि आज जसं काही पहिल्यांदाच दिसलं. मग परत आत येऊन तिनं ते पाणी पिऊन टाकलं, औषध घ्यावं तसं.

संध्याकाळी मिठकरीण बांधाला निघाली तशी लेकही मागोमाग आली. दोघी टोकाला उभ्या राहिल्या. वारा पडलेला, पाण्यावर साय तांबूस झालेली. मिठकरणीनं हात जोडले.

"आई, तू काय मागतेस गं नेमकं?"

"तुला माहीत नाही होय? ऊन."

लेक हसली. तिच्या हसण्यात ओल नव्हती. "म्हणजे आम्ही सगळे तिकडून हात जोडून ढग बोलावतो, आणि तू इकडून त्यांना परत पाठवतेस. मी म्हणते, एवढे निघालेले ढग जातात कुठं!"

"काहीतरी बोलू नकोस."

"थट्टा केली गं. लगेच काय."

थट्टाच होती. लेक लगेच लहानपणच्या खेकड्यांच्या बिळांबद्दल बोलायला लागली. पण मिठकरणीचे जोडलेले हात तसेच राहिले, आणि आत शब्द म्हणून काही उरला नाही. 'ऊन' म्हणायला जीभ उचलली, की काळी रेघ उठलेला खांदा दिसायचा. 'पाऊस' म्हणायचा तर मागच्या वर्षीची रिकामी डाळीची पत्र्याची डबी दिसायची. उभी राहिली आणि तशीच माघारी आली.

"केलंस का?" चुलीपुढून प्रश्न आला.

"केलं."

शब्द सहज बाहेर पडला.

मिठकरी म्हणाला, "मग मोठा वाफा राहू दे अजून. यंदा खडा असा काढतो, की घेणाऱ्यानं पाया पडलं पाहिजे."

दुसऱ्या संध्याकाळी तिनं मधला मार्ग काढून बघितला. "तिकडे पाड, इकडे नको," म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली. देव म्हणजे काय अंगणात सडा घालणारी बाई, की हा कोपरा भिजव, तो कोरडा ठेव? आणि तिच्यासारखीच आणखी कुणी बाई, आणखी कुठल्या कोपऱ्यात, उलटंच सांगत उभी असेल.

तिसऱ्या संध्याकाळी म्हणाली, "तुला योग्य वाटेल ते कर." हे फार चांगलं वाटलं ऐकायला. शहाणीसुरती माणसं असंच म्हणतात. पण घरी येताना अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं, की हे तर सरळ खोटं आहे. त्याला योग्य वाटलं म्हणूनच मागच्या वर्षी वाफा धुऊन गेला होता. त्याला योग्य वाटेल ते तिला नकोच होतं. तिला तिच्या मनासारखं पाहिजे होतं, आणि ते काय, तेच कळत नव्हतं.

मग एकदा नुसता खांदा मागितला. पोरीचा खांदा बरा कर, यात कुणाचं काही जात नाही. आणि लगेच मनात आलं, की खांदा बरा झाला की ती जाईल आणि त्याच्यावर परत घागर ठेवील.

तिचा संताप संताप झाला. इतकी वर्षं रोज या बांधावर येऊन बोलले. आज खरी गरज पडली, तर तोंडाला कुलूप. आणि तो वर बसून गंमत बघतोय. रागारागानं तिनं बांधावरचं ढेकूळ उचललं आणि खाडीत भिरकावलं. एक बगळा उडाला, बस.

"केलंस का?"

"केलं हो, केलं! रोज काय तेच तेच!"

मिठकरी दचकून बघायला लागला. लेकही. "उन्हानं डोकं तापलंय तुझ्या आईचं," तो लेकीला म्हणाला.

दिवस फळ्या ओढण्यात जात होते. लहान वाफ्यांतलं मीठ काठाला ओढायचं, निथळत ठेवायचं, पाट्यांनी रास घालायची. लेक डाव्या हातानं पाटी सावरायची. खाऱ्या पाण्यानं मिठकरणीच्या टाचांच्या भेगा इतक्या वर्षांत दगड झाल्या होत्या, लेकीच्या मात्र दुसऱ्या दिवशीच उघडल्या.

"सासरी जाऊन नाजूक झालीस," मिठकरी म्हणाला.

"तिकडच्या मातीत पाय घातला की बरं वाटतं, बाबा. इथं पाय घातला की चावतं."

तिरक्यानं आपला शेवटचा वाफा ओढायला काढला. खडा अजून बारीकच होता.

"अरे, एवढ्यात?" मिठकऱ्यानं हाक मारली. "चार दिवस थांबलास तर दुप्पट भरेल!"

"तुझं बरं आहे, तुझं वर कुणीतरी आहे," तिरक्या फळीवर रेलून म्हणाला. "माझं वर कुणी नाही. देव न मानणाऱ्याला थांबणं परवडत नाही बाबा!"

मिठकरी मोठ्यानं हसला. मिठकरीण खाली मान घालून पाटी भरत राहिली. तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द दातांपर्यंत आले होते.

मग एका सकाळी चुलीजवळच्या बरणीतलं मीठ ओलं लागलं.

तिनं चिमूट बोटांत चोळली. काल भुरभुरत होतं, आज बोटाला चिकटलं. ती बाहेर आली. आभाळ निळं होतं, पण धुवट निळं. फळीचा दांडा दमट लागत होता. वारा खाडीकडून यायचा तो आज दुसऱ्याच अंगानं येत होता, आणि त्याला कसलातरी हिरवा वास होता. मिठकऱ्यानंही नाक वर केलं होतं. मोठ्या वाफ्यात खडा आता असा झाला होता, की वाकून बघितलं तर एकेक वेगळा दिसत होता. पण तळाचा थर अजून नीट धरायचा होता.

त्यानं आभाळाकडे बघितलं, मग बायकोकडे.

"केलंयस ना?"

तिनं मान हलवली. हो की नाही, तिलाही कळलं नाही. त्यानं हो धरलं.

"मग उद्या-परवा बघू," तो म्हणाला आणि लहान वाफ्याकडे गेला.

दुपारी जेवून उठले तर खाडीच्या पलीकडे एक काळी पट्टी दिसली. कुणीतरी आभाळाच्या काठाला काजळाचं बोट ओढावं तशी. लेकीला ती आधी दिसली. "आई!" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो आनंद फुटला, तो तिनं तिथंच दाबून टाकला. तोंडावर हात ठेवून बापाकडे बघायला लागली.

मिठकरी शांत होता. "येत नाही ती इकडे," म्हणाला. "वरच्या वर जाईल. बोलून ठेवलंय आपण."

आणि तेव्हा मिठकरणीला राहवलं नाही.

"नाही ठेवलेलं."

"काय?"

"मी मागितलंच नाही. ही आली त्या दिवसापासून. उभी राहते आणि येते परत. तोंडातून शब्द निघत नाही."

मिठकऱ्याला आधी कळलंच नाही. मग त्याच्या गळ्याच्या शिरा वर आल्या. "मग 'केलं, केलं' काय म्हणत होतीस?"

"काय म्हणू?"

"काय म्हणू? अगं, मोठा वाफा तसाच ठेवलाय मी! तुझ्या शब्दावर!"

"माझ्या शब्दावर की त्याच्या? तुम्ही तर मानत नाही म्हणता!"

"त्याला मी ओळखत नाही! तुला ओळखतो! पंचवीस वर्षं तू गेलीस, आलीस, 'केलं' म्हणालीस, आणि मी झोपलो. मला काय करायचंय, तो आहे का नाही! तू जाऊन येत होतीस ना!" त्यानं डोक्याचा रुमाल काढून जमिनीवर आपटला. "ऊन मागायला लाज वाटली तुला? मीठ खाताना वाटते का?"

"तिच्या खांद्याकडे बघा आणि मग तुम्ही मागा ऊन!" ती किंचाळली.

लेक मध्ये आली. "माझ्यामुळं झालं, बाबा. मी थट्टा केली—"

"तू गप्प बस गं. पाट्या काढ."

भांडायलाही वेळ नव्हता. तिघं मोठ्या वाफ्यात उतरले. फळ्या तळाला लावून ओढायला लागले. पाण्याखालून मीठ खरखरत यायचं, जड, टपोरं, हातांना ओळखू येणारं. काठाला ढीग लागायचा, लेक डाव्या हातानं पाटी भरायची, डाव्या कमरेवर घ्यायची, राशीवर ओतायची. डावं अंग भरून आलं तशी तिनं पाटी उजव्या खांद्यावर टाकली. आईनं बघितलं. फळी आणखी जोरानं ओढली.

काळी पट्टी आता पट्टी राहिली नव्हती. उजेड पिवळा पडला.

तिरक्या आपली फळी घेऊन बांध ओलांडून आला. "मला वाटलंच होतं," म्हणत त्यानं धोतर खोचलं. "खातं बंद पडलं की काय, वहिनी?"

"तोंड नंतर चालव," मिठकरी म्हणाला.

"तोंड आणि हात दोन्ही चालतात माझे. तुझ्यासारखं नाही."

अर्धा वाफाही झाला नव्हता आणि पहिला थेंब मिठकरणीच्या मनगटावर पडला. चांगला जाड, गार. मग दुसरा, पाण्यात, आणि तो पडला तिथं पाण्याला टोचा आला. मग सगळ्या वाफ्याला टोचे यायला लागले. मीठ चुरचुरतं, पाऊस पडला की. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. गरम तव्यावर शिंतोडे उडावेत तसा बारीक आवाज असतो, आणि तो आवाज म्हणजे खडा सुटतोय.

"रास झाका!" मिठकरी ओरडला. ताडपत्री वाऱ्यानं फुगली. तिरक्यानं आणि त्यानं दोन टोकं धरली, लेक तिसऱ्या टोकावर जाऊन बसली.

मिठकरीण मात्र वाफ्याच्या मधोमध उभी होती. हातात फळी, पायाखाली खडे झिजताना तळव्यांना कळत होते. तिनं वर बघितलं. डोळ्यांत पाणी गेलं, आणि तिच्या तोंडातून शब्द फुटले. मागणं नव्हतं ते.

"मला भीती वाटते रे!" ती म्हणाली. मग आणखी मोठ्यानं, रडकुंडीला येऊन, "मला भीती वाटते! ऐकतोस का? हिच्या बागेची वाटते, आमच्या चुलीची वाटते, तुझी वाटते! काय मागू तेच कळत नाही मला! काय मागू सांग!"

कुणी काही सांगितलं नाही. पाऊस होता तसाच पडत राहिला, ना जोर ना उघडीप, जसं काही त्याला दुसरं काही कामच नव्हतं. तिनं फळी परत तळाला लावली आणि ओढायला लागली. निम्मं पाणीच येत होतं. तरी ओढत राहिली.

राशीजवळ लेक ताडपत्रीच्या टोकावर बसली होती. तिनं तोंड वर केलं होतं आणि ओंजळ धरली होती. ओंजळ भरली की ती बघायची, सांडायची, पुन्हा धरायची. रडत होती की काय, पावसात कळत नव्हतं.

सकाळी आभाळ असं निळं, की कालचं काही घडलंच नव्हतं. मोठ्या वाफ्यात गढूळ पाणी उभं होतं. रास वाचली होती. पण ती अर्धीच, आणि तिचाही खालचा काठ झिजलेला. यंदाचे ओले महिने पुन्हा पोटाला चिमटा काढूनच जाणार होते.

ट्रकवाला आला तेव्हा लेक धावत गेली. "तिकडे झाला का हो?"

"कुठं?" ट्रकवाला म्हणाला. "तिकडे नुसता वारा सुटला. ढग दिसले, माणसं बाहेर येऊन उभी राहिली, आणि ढग इकडे आले म्हणे. इथं पडला वाटतं?"

लेक मागे फिरली. दारात येऊन बसली आणि टाचेच्या भेगेतली माती काडीनं काढत राहिली.

मिठकरणीला वाटलं, हे फार झालं. मीठ गेलं ते समजलं असतं, तिकडे चार लिंबं जगली असती तर. तिकडचं कोरडं समजलं असतं, इकडचा खडा राहिला असता तर. हे काय? एका दगडात दोन्ही घरं? त्या संध्याकाळी ती बांधावर गेली नाही. दुसऱ्याही नाही. मिठकऱ्यानं विचारलंही नाही. तो तिच्याशी बोलतच नव्हता. त्या घरात त्या वेळी तोच एक प्रश्न ऐकू यायचा, तो आला नाही तर चूल पेटलेली असूनही घर विझल्यासारखं वाटत होतं.

पण वाफा कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही. पाऊस पडला की तळाची जमीन मऊ होते. पाणी बाहेर काढायचं, चिखल उन्हाला जरा वाळू द्यायचा, आणि मग पायांनी तुडवून तुडवून तो दगडी पाटीसारखा घट्ट करायचा. तसं केलं नाही तर पुढचं मीठ काळं निघतं. अजून थोडं ऊन शिल्लक होतं. मिठाची आणखी एक खेप निघाली तर निघाली.

तुडवायला तिघं एका ओळीत लागतात. एकमेकांच्या कमरेत हात घालायचा, म्हणजे कुणी घसरत नाही, आणि एका तालात पाय टाकायचा. लेक मधे उभी राहायला गेली तर मिठकरी म्हणाला, "मधे नको, खांदा ओढला जाईल." म्हणून मिठकरीण मधे आली. एका बाजूला सुजल्या खांद्याची लेक, एका बाजूला न बोलणारा नवरा. त्यानं तिच्या कमरेत हात घातला, तोंड दुसरीकडे करून.

"तुझ्या आईला सांग, ताल सोडू नको," तो लेकीला म्हणाला.

"बाबांना सांग, ताल मला शिकवू नका," मिठकरीण म्हणाली.

"मी काय तारखात्यात आहे?" लेक म्हणाली.

पचक, पचक, पाय पडायला लागले. टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. ऊन पाठीवर चढत होतं. तुडवताना नेहमी मिठकरीण काहीतरी म्हणायची, तालाला. आज कुणीच काही म्हणत नव्हतं. शेवटी लेकीनंच हलक्या आवाजात सूर लावला,

पाऊस पडून गेला जिथं त्याचं नाही काम
माझ्या लिंबोणीच्या अंगी नाही उरला रे घाम

मिठकरीण चालता चालता थांबली. तिघंही थांबले.

"काय झालं?" मिठकरी म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा थेट तिला.

भर दुपारचं आभाळ डोक्यावर होतं. बांध नव्हता, संध्याकाळ नव्हती, हात जोडायला मोकळे नव्हते. दोन्ही हात दोघांच्या कमरेत अडकलेले. तिनं नुसती मान वर केली आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशी, जरा चढ्याच आवाजात म्हणाली,

"हे बघ. मला ऊन पाहिजे. आणि मला पाऊसही पाहिजे. ऊन या वाफ्यात पाहिजे, आणि पाऊस हिच्या बागेत पाहिजे. हिचा खांदा बरा पाहिजे, आणि जावई तिकडे एकटा घागरी ओढतोय, त्याचा मोडायला नको. तिरक्याच्या मिठालाही गिऱ्हाईक पाहिजे. सगळंच पाहिजे मला, काय एक सोडायचं नाही. ते एकमेकांत बसत नाही, मला कळतं. कसं बसवायचं याचा मी डोकं फुटेस्तोवर विचार केला, आणि ते माझं कामच नव्हतं. देव तू आहेस, मी नाही. तू बस विचार करत."

दम लागला तशी ती थांबली. वर काही हललं नाही. खाडीकडून थोडा वारा आला, तो रोजच येतो. पण पोटातला तो गोळा, तिनं चाचपून बघितला, होता तिथंच होता. फक्त आता तो धरून बसायला ती एकटी नव्हती, असं काहीसं वाटलं. की नुसती दमली होती, कुणास ठाऊक.

लेक नाक ओढत होती.

"तिरक्याचं घेतलंस," मिठकरी म्हणाला. "जावयाचं घेतलंस. माझं कुठं नाव नाही त्यात."

"तुमचं तुम्ही सांगा. तोंड आहे की तुम्हाला."

"मी काय सांगू?"

"मला काय विचारता?"

मिठकऱ्यानं घसा खाकरला. मान वर केली, खाली घातली, परत वर केली. उन्हानं डोळे बारीक झाले होते. परक्या घराच्या दारात उभं राहून आत कुणाला हाक मारावी हे न कळलेल्या माणसासारखा तो क्षणभर नुसताच तोंड उघडून उभा राहिला.

"मी इथं खाली आहे," तो म्हणाला. "मोठ्या वाफ्यात. हिच्या शेजारी."

तोवर उभं राहून राहून तिघांचेही पाय घोट्यापर्यंत रुतले होते, आणि ते काढायला एकमेकांना धरून चांगलंच ओढावं लागलं.